अल्बमातलं शिव्यांचं गाणं

आमचा अल्बम आल्यापासून लोक मला एकच प्रश्न विचारतात आणि माझं डोकं फिरतं. ‘या गाण्यांमागची प्रेरणा काय?’ जळगावातली एक बाई तर माइक घेऊन घरीच आली. तिला वाटलं, आता मी नदी, माती, आभाळ असं काहीतरी बोलेन. मी म्हटलं, पहिल्या गाण्यामागची प्रेरणा जळगाव-धुळे रस्ता. ती हसली. मी अजिबात चेष्टा करत नव्हतो. आमचा ड्रमर धुळ्याचा. शनिवारी गाडीत ड्रम कोंबून तो सरावाला जळगावला येतो, आणि तो रस्ता कायम खोदलेला. एकदा पारोळ्याच्या अलीकडे ट्रकांच्या रांगेत असा अडकला की वैतागून स्टिअरिंगवर बोटं बडवत बसला. तोच ठेका घेऊन तो माझ्या दारात उभा राहिला आणि ड्रम उतरवायच्या आधी त्याने तो डिकीवर वाजवून दाखवला. झालं पहिलं गाणं. आता याला प्रेरणा म्हणायचं असेल तर म्हणा.

आम्ही जे वाजवतो त्याला कंट्री रॉक म्हणतात. गिटार, ड्रम सगळं रॉकचं, पण गाणी शेताबांधाची, रस्त्याची, घरी परतायची. माझी आई त्याला ‘गावठी रॉक’ म्हणते, आणि याहून नेमकं मलाही सांगता येत नाही. आम्ही तिघं. मी गाणी लिहितो, गातो आणि साधी गिटार वाजवतो. दिवसा ठिबक सिंचनाच्या नळ्या विकतो. ड्रमर शाळेत पीटी शिकवतो. तिसरा आमचा गिटारिस्ट, दीपनगरच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलेला. बोटात काचेची नळी घालून तो इलेक्ट्रिक गिटारच्या तारांवर ती घासतो, तेव्हा एक लांबलचक रडका सूर निघतो. तो म्हणतो हा सूर त्याने कुठे शिकला नाही. पॉवर हाउसच्या घरघरीत तो झोपायचा, आणि कधी संच बंद पडला की त्या शांततेने अख्खी कॉलनी जागी व्हायची. ती घरघर परत सुरू होताना जो आवाज चढत जायचा, तो त्याने तारांवर शोधला. दुसरं गाणं त्याचं.

हे सगळं मी उडवून लावल्यासारखं सांगतो खरं, पण मनातून मी थक्क असतो. रस्ता खोदलेला असतो, संच बंद पडतो, आणि त्यातून गाणं कसं निघतं? मी स्वतः लिहितो आणि मला ठाऊक नाही. पण अल्बमातल्या शेवटच्या गाण्याच्या वेळी जे झालं, त्यापुढे हे थक्क होणं म्हणजे काहीच नाही.

त्यासाठी आधी माझ्या फुईबद्दल सांगायला हवं. फुई म्हणजे आत्या, आमच्याकडे फुईच म्हणतात. माझ्या वडलांची ही बहीण जळगावात राहते, तिच्या नवऱ्याला सगळे आबा म्हणतात. फुई म्हणजे तोंडाची फटाकडी. भाजीवाला तिच्या दारावरून जाताना आवाज खाली आणायचा. मी गिटार घेतली तेव्हा ती म्हणाली होती, ‘घे, घे. नळ्या विकून कंटाळलास की तारा विकशील.’ आणि सगळ्यांना सांगत फिरायची की माझा भाचा गातो, बरं का.

गेल्या पावसाळ्यात तिला पक्षाघाताचा झटका आला. जीव वाचला. उजवा हात लुळा पडला, पाय ओढत चालायला लागली, आणि बोलणं गेलं. ऐकायची सगळं, कळायचंही सगळं, पण तोंडातून एकच आवाज निघायचा, ‘बा... बा...’ पाणी हवं असलं तरी बा, टीव्ही बंद करा तरी बा. डॉक्टर म्हणाले, मेंदूतली शब्दांची जागा दुखावलीय. काही परत येईल, काही येणार नाही, सांगता येत नाही. पहिले काही महिने ती चिडायची. मग चिडणंही सोडलं आणि खिडकीशी बसून राहायला लागली. ते बघवायचं नाही.

आबा म्हणजे अबोल माणूस. आयुष्यभर ती बोलली आणि यांनी ऐकलं. मी दर आठवड्याला जायचो, तेव्हा ते चहा करून आणायचे आणि माझ्याशेजारी बसायचे. एकदा म्हणाले, ‘मला बाकी काही नको रे. तिने मला एकदा हाक मारावी. नुसतं अहो म्हटलं तरी चालेल. सकाळी स्वयंपाकघरात मी उगाच उभा राहतो, आत्ता हाक येईल म्हणून.’

हिवाळ्यात पहूरला एका लग्नाला गेलो होतो. तिथे एका म्हाताऱ्या बाईने मला थांबवलं. ती मूळची आमच्याच गावची, फैजपूरजवळच्या, पण नाल्याकडच्या गल्लीची. लग्न होऊन पहूरकडे आलेली. सगळे तिला अक्का म्हणतात. माझ्या वडलांचं नाव घेऊन म्हणाली, ‘त्याचाच ना तू? गाणं म्हनतो तो? तुझी फुई कशी हाये?’

मी म्हटलं, ‘अक्का, फुईचं बोलणं गेलं.’

‘काहीच नाही बोलत?’

‘काहीच नाही.’

‘शिव्या बी नाही देत?’

‘शिव्या कसल्या देतेय. पाणीसुद्धा मागता येत नाही तिला.’

अक्का मला बाजूला खुर्च्यांच्या मागे घेऊन गेली. ‘तुले एक गानं देते. आखाजीचं हाये, जुनं. मोबाइलमधी घे. अन तुझ्या फुईच्या म्होरं म्हन. मी दिलं असं नको सांगू.’ आणि हळू आवाजात गायली. मी रेकॉर्ड करून घेतलं.

हिरीवरल्या बाया बाई
दुपारलोक निजती
चुलीत मांजर व्याली तरी
लोकाले इस्तू मागती

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खान्देशात हा लेकींचा सण. लग्न झालेल्या बायका माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, गौराई बसवतात आणि गातात. हे मला माहीत होतं. याच्यापुढचं मला काही माहीत नव्हतं, कारण आमच्याकडचे पुरुष आखाजीला पत्ते खेळतात. सकाळी पुरणपोळी आणि आमरस हाणायचा आणि पारावर बसायचं ते दिवेलागणीपर्यंत. बायका तिकडे काय गातात, याकडे कुणाचा कान नसतो. माझाही नव्हता. स्वतःला गाणी लिहिणारा म्हणवतो मी, पण आखाजीच्या दिवशी माझ्या हातात तेरा पानं असायची.

तर हे गाणं मी जळगावला आणलं आणि आम्ही तिघं त्याच्या प्रेमात पडलो. काय चित्र होतं. विहिरीवर बायका, भर दुपार, सगळा गाव आळसावलेला, चुलीत मांजर व्यायलेलं. मला तर त्यात एक फार मोठी शांतता दिसली. मी त्याची चाल हळू केली. गिटारिस्टने मागे तो रडका सूर लावला. मी दुपारच्या सावलीवर आणखी एक कडवं लिहिलं. आम्ही एकमेकांकडे बघून माना डोलावत होतो. अल्बमचं नाव ‘विहिरीवरच्या बायका’ ठेवायचं इथपर्यंत आमची मजल गेली. फक्त गाणं संपत नव्हतं. कुठेही थांबवलं तरी मध्येच सोडल्यासारखं वाटायचं. ड्रमर म्हणायचा, ‘भाऊ, बठ्ठं चांगलं शे, पन याले शेवट नही. कोनी तरी उत्तर देवाले पाहिजे असं वाटस.’ धुळ्याचा हा अहिराणी बोलणारा माणूस, काय नेमकं बोलून गेला होता. आम्ही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

आखाजी आली. भावाने किंवा भाच्याने सासरी जाऊन लेकीला माहेरी घेऊन यायचं अशी रीत. वडील गेल्यापासून फुईला आणायला मीच जातो. या वर्षी आई म्हणाली, तिला त्रास होईल, राहू दे. पण मी हट्टाला पेटलो. मला तिला ते गाणं ऐकवायचं होतं. आणि खिडकीपासून उठवायचं होतं. आबांनाही सोबत घेतलं, कारण तिला भरवणार कोण? नवरा आखाजीला बायकोच्या माहेरी येतो हे आमच्या गावाने पहिल्यांदाच बघितलं. पारावरचे लोक म्हणाले, ‘आबा, तुम्ही बी झोका घ्या आता.’ आबांनी हसून पानं हातात घेतली, पण त्यांचं लक्ष डावात नव्हतं. आमच्या अंगणाकडे तोंड करून ते बसले होते.

गाव तिला भेटायला लोटला. आणि सगळे हळू बोलत होते. ज्या बाईशी कुणी आवाज चढवल्याशिवाय बोललं नव्हतं, तिच्यापुढे सगळे असे कुजबुजत होते की जणू ती समोर नाहीच. ‘काय बाई होती हो,’ एकजण म्हणाली. होती. फुईने ते ऐकलं. मला त्या बाईला घराबाहेर काढावंसं वाटलं. पण मीही तसाच वागत होतो. आम्ही सगळेच तिच्याशी इतकं गोड वागत होतो की तिला उत्तर देण्यासारखं काही उरलंच नव्हतं. हे मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं.

चार-साडेचारला उन्हं जरा कलली तेव्हा आम्ही अंगणात मांडणी केली. ड्रमर आणि गिटारिस्ट सकाळीच पोचले होते, आईने त्यांना आमरस पाजून पाजून आडवं केलं होतं. निंबाखाली खुर्चीत फुई. आजूबाजूला गल्लीतल्या बायका, माहेरी आलेल्या लेकी. गिटारिस्टने फोनवर रेकॉर्डिंग लावून तो खुर्चीजवळ ठेवला, उघड्यावर आमचा आवाज कसा येतो ते बघायला. मी म्हटलं, ‘फुई, हे गाणं खास तुझ्यासाठी.’ आणि हळूहळू, डोळे मिटून, सुरू केलं. हिरीवरल्या बाया बाई.

पहिल्या ओळीलाच बायकांत खसखस झाली. मला वाटलं ओळखीचं गाणं म्हणून खूश झाल्या. दुसऱ्या ओळीला आईने कपाळावर हात मारला म्हणे. मी डोळे मिटून गातच होतो. ‘लोकाले इस्तू मागती’पर्यंत पोचलो तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, ‘अरे हा आपल्याच अंगणात आपल्याले शिव्या देऊन राह्यला.’

आता सांगतो मला काय माहीत नव्हतं. आमच्या गल्लीत पाण्याची टाकी आहे आणि तिला टाकीची गल्ली म्हणतात. मी जन्मायच्या आधी तिथे विहीर होती, ती बुजवून टाकी बांधली. तेव्हा आमच्या गल्लीचं नाव विहिरीवरची गल्ली. आखाजीच्या संध्याकाळी या गल्लीच्या बायका आणि नाल्याकडच्या गल्लीच्या बायका गावाच्या मधोमध समोरासमोर उभ्या राहायच्या आणि गाण्यातून एकमेकींना शिव्या घालायच्या. तो रिवाजच होता. त्यात कुणी रागवायचं नाही, पण उत्तर दिल्याशिवाय हलायचंही नाही. पूर्वी तर दगडही उडायचे म्हणे. विहिरीवरच्या बायका आळशी, दुपारपर्यंत लोळतात, आणि चूल पेटवायला शेजारणीकडे निखारे मागतात, असं ते गाणं. आणि मी त्याच्यात शांतता शोधली होती. अक्का ही नाल्याकडची. फुई विहिरीवरची. या दोघी आपापल्या गल्लीच्या पुढारी होत्या, आणि त्या काळी दोघींच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

मी डोळे उघडले ते फुईच्या डाव्या हाताच्या आवाजाने. ती खुर्चीच्या हातावर थाप मारत होती. चेहरा लाल झालेला. मला वाटलं हिला परत झटका येतोय, आणि मी गिटार टाकून धावणार, तेवढ्यात तिने तोंड उघडलं आणि गायला लागली.

नाल्यावरल्या बाया बाई
गमजा मोठ्या करती
पाहुना दिसला दारी तं
मागल्या दारानं पयती

सगळे शब्द. एकही गळला नाही, एकही अडखळला नाही. आवाज जरा घोगरा, पण सूर पक्का, आणि लय आमच्या दुप्पट. आमची ती झोपाळू चाल तिने पार फाडून टाकली. मग ड्रमरने, देव त्याचं भलं करो, काठ्या उचलल्या आणि तिच्या लयीत ठेका धरला. फुईने त्याच्याकडे बघून मान हलवली, हां, असं, आणि दुसरं कडवं घेतलं. मग तिसरं. त्यात नाल्यावरच्या बायकांच्या भाकरी होत्या, त्यांची नाकं होती, त्यांच्या सासवाही सुटल्या नाहीत. बायका हसत होत्या आणि पदराने डोळे पुसत होत्या. मी आयुष्यात बरंच संगीत ऐकलंय, मोठमोठ्या शहरांत तिकीट काढून ऐकलंय. पण आठ-नऊ महिने जिला पाणी म्हणता आलं नाही, त्या बाईच्या तोंडून असं धडाधड गाणं निघताना ऐकलं, आणि मला हात जोडावेसे वाटले. कुणाला, ते माहीत नाही.

तिसरं कडवं संपायच्या आत फाटकातून उत्तर आलं. अक्का उभी होती. तीही माहेरी आलेली, नाल्याकडून चालत आली होती. कमरेवर हात, आणि गातेय. फुईने तिला पाहिलं. झटका आल्यापासून तिच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा तिचा तो जुना भाव पाहिला, भाजीवाल्यासमोर यायचा तो. मग त्या दोघी जुंपल्या. कोण काय म्हणतंय ते अर्धं मला कळलं नाही आणि जे कळलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. अल्बममध्ये मात्र ते आहे. ज्यांना आमची लेवा बोली कळते त्यांनी ऐकावं आणि लहान पोरांना बाहेर पाठवावं.

दोघी दमल्या तेव्हा थांबल्या. अंगणभर टाळ्या. आई धावत पुढे गेली, फुईचे खांदे धरून म्हणाली, ‘आली वाचा. बोल व बाई. काय पाहिजे तुला? पाणी देऊ?’

फुईने तोंड उघडलं. ‘बा,’ ती म्हणाली. पुन्हा प्रयत्न केला. ‘बा... बा...’

पारावरून आबा उठून अर्ध्या वाटेपर्यंत आले होते, हातात पत्ते तसेच. ते तिथेच थांबले. त्यांचा चेहरा मला बघवला नाही. गाणं आलं होतं, पण बोलणं आलं नव्हतं. फुईलाही ते कळलं आणि तिने मान खाली घातली. माझ्या मनात आलं, कशाला आणलं मी हिला, कशाला ते गाणं.

अक्का मात्र तिथे उभी राहून विचार करत होती. तिने एकदा आबांकडे पाहिलं. मग ती फुईच्या खुर्चीच्या मागे गेली आणि दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली.

‘नाव घे,’ ती म्हणाली. ‘नाव घेतल्याबिगर उठू देनार नाही.’

त्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. अहो, ऐकलंत का, पोरांचे बाबा, काहीही म्हणतील, नाव नाही. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, तेही कुणीतरी वाट अडवली, झोका धरून ठेवला, मंगळसूत्राची शपथ घातली तर. आखाजीच्या झोक्यावर तर हमखास. म्हणजे फुईने आबांचं नाव आयुष्यात कधीच साधं उच्चारलं नव्हतं. जितक्या वेळा घेतलं तितक्या वेळा चालीत, यमकात घेतलं होतं. तिच्यासाठी ते नाव म्हणजे गाणंच होतं. हे अक्काच्या ध्यानात आलं होतं, डॉक्टरच्या नाही, माझ्या नाही.

अक्काने खुर्ची जराशी हलवली, झोक्यासारखी. ‘घे व. लाजू नको. म्हातारी झाली तू.’

आणि फुईने उखाणा घेतला. केळीचा बाग होता त्यात, भावाचा वाडा होता, पाटाचं पाणी होतं, आणि शेवटी नाव. पूर्ण नाव, ‘राव’ लावून, स्वच्छ. ते मी इथे लिहीत नाही.

आबांच्या हातातली पानं खाली पडली नाहीत, सिनेमात पडतात तशी. त्यांनी ती व्यवस्थित एकत्र केली, सदऱ्याच्या खिशात घातली, आणि म्हणाले, ‘ओ.’

कुणी हाक मारली की देतात तसं. अगदी साधं. जणू ती आतून चहाला बोलावतेय.

नंतर आम्ही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बोलणं आणि गाणं यांच्या मेंदूतल्या वाटा वेगळ्या असतात, असं होतं कधीकधी. त्यांनी ते फार सहज सांगितलं. मी मात्र अजून त्यातून बाहेर आलेलो नाही. रात्रंदिवस ती गाणी तिच्या आत बसलेली होती आणि आम्ही सगळे तिच्याभोवती हळू आवाजात फिरत होतो. तिला कुणी शिवी घातली असती तर पावसाळ्यातच कळलं असतं. आता स्पीच थेरपीवाल्या ताईंनी सांगितलंय, तिच्याशी चालीत बोला. आबा, ज्यांना आयुष्यात एक सूर लागला नाही, ते स्वयंपाकघरात उभे राहून ‘चहा पाहिजे का व बाई’ आखाजीच्या चालीत म्हणतात. भयंकर गातात. फुई कधी त्याच चालीत ‘पाहिजे’ म्हणते, कधी नुसतीच हसते. साधं बोलणं अजून येत नाही.

माझं दुपारच्या सावलीवरचं कडवं आम्ही फेकून दिलं. अल्बमचं नावही बदललं. गिटारिस्टच्या फोनमध्ये सगळं आलं होतं, ड्रमरच्या ठेक्यासकट. त्यावर आम्ही गिटार चढवली, तिच्या लयीत, तिच्या मागे धावत. फुईला विचारलं, घेऊ का? तिने डाव्या हाताने माझ्या डोक्यावर टपली मारली, म्हणजे हो. अक्काला फोन केला तर ती म्हणाली, माझा आवाज तिच्यापेक्षा मोठा ठेव. शेवटही मिळाला होता. अक्काचं ‘नाव घे’, फुईचा उखाणा, नाव, आणि त्याच्यानंतर लांबून आबांचा ‘ओ’. ड्रमर ऐकून म्हणाला, ‘आते याले शेवट शे.’ गिटारिस्टने हेडफोन काढून ठेवले आणि बाहेर जाऊन सिगारेट ओढली. तो सिगारेट सोडून बरीच वर्षं झाली होती.

मिक्स पूर्ण झाल्यावर मी लॅपटॉप घेऊन आबांकडे गेलो. फुई आत झोपली होती. आबांनी हेडफोन लावले आणि पूर्ण गाणं ऐकलं. संपल्यावर पुन्हा लावायला सांगितलं. मग हेडफोन काढले, त्यांची वायर नीट गुंडाळली, आणि म्हणाले, ‘फार छान झालंय. एक काम कर. नाव काढून टाक.’

मला हसू आलं. ‘आबा, लाजताय?’

‘लाज कसली या वयात.’ त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिले. ‘रोज सकाळी ती उखाण्यात माझं नाव घेते. अडवावं लागत नाही आता. तिच्याकडे स्वतःहून, न अडखळता येणारा तेवढा एकच शब्द आहे. तो माझा आहे. तो सगळ्यांना नको ऐकवू.’

म्हणून आमचा अल्बम ‘पाटाचं पाणी’वर तुटतो. लोकांना वाटतं फाइल खराब आहे. त्या माइकवाल्या बाईनेही विचारलं, शेवट असा का ठेवला. मी तिला म्हटलं, पुढचं एका माणसाचं आहे.